पोपट उपाशी आहे

दर साल दिवाळी अंकाचे पत्र आले की मी ह्या सदरासाठी काहीतरी हलकेफुलके शोधू लागतो. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी कोण वाढतो? यंदा चकलीच्या काट्यावर लिहावयाचे मी जवळजवळ ठरविलेही होते. परंतु श्रावणात आमच्या घरी एक प्रकार घडला आणि तेव्हापासून चकली मागे पडली ती पडलीच. तो प्रकारच आज सांगतो. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे आणि घरातल्या मोठ्यांचा फोन त्याच्या हाती असतो, अशांनी तो फराळाआधी वाचला तरी हरकत नाही.

आमची नात दहा वर्षांची, पाचवीतली. तिला तीन दिवस ताप येत होता. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरीवाले. तेव्हा रात्रीची जाग माझी आणि आमच्या सौ.ची. पावणेबाराच्या सुमारास मी तांब्याभांडे घेऊन तिच्या खोलीत गेलो, तो पांघरुणाखाली उजेड! पांघरूण बाजूला केले. पोर अंगाने फणफणलेली, डोळे लाल, आणि हातात माझाच फोन. मी रागे भरणार, एवढ्यात ती रडवेली होऊन म्हणाली,

"आबा, पंधराच मिनिटं राहिलीत हो! पोपट उपाशी आहे!"

मला वाटले, ताप डोक्यात गेला. मी घाबरून सौ.ला हाक मारली. ती आली, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, वात नाही झाला तिला. बघा तरी."

पाहतो तो पडद्यावर एक हिरवा पोपट मान टाकून बसलेला. समोर वाटी रिकामी. खाली लिहिलेले, 'आज तू मला विसरलीस ना? २११ दिवस तू मला रोज पेरू दिलास. बारा वाजले की सारे संपेल!' आणि शेजारी एक घड्याळ सेकंदासेकंदाने उलटे चाललेले.

दहा वर्षांच्या तापलेल्या मुलीला रात्री पावणेबारा वाजता असे पत्र शेजाऱ्याने धाडले असते, तर मी पायात चपला घालून त्याच्या दारात गेलो असतो. पण हे पत्र धाडणारा शेजारी नव्हता. तो आमच्या घरचा मास्तर होता, आणि त्याला घरात मीच आणले होते.

ते कसे, तेही सांगितले पाहिजे. संक्रांतीच्या दिवशी दुपारी मी फोनवर बातम्या वाचीत पडलो होतो. मध्येच जाहिरात आली: गणित शिका, खेळता खेळता, सात दिवस फक्त १ रुपयात, ही सवलत संपावयास १४ मिनिटे शिल्लक. आता मी चाळीस वर्षे कारकुनी केलेला माणूस. मुदत म्हटली की माझा हात आपोआप टाकाकडे जातो. मी लगबगीने तो १ रुपया भरला. (पुढे कळले की पान बंद करून पुन्हा उघडले की ती १४ मिनिटे पुन्हा नव्याने सुरू होतात. आमच्या कचेरीत असे घड्याळ असते तर मी अजून निवृत्त झालो नसतो.) त्या रुपयाच्या खाली, पांढऱ्यावर फिकट राखी रंगात, एक ओळ होती. ती वाचावयास चष्मा नव्हे, दुर्बीण हवी होती.

पहिला महिना पोरगी खरोखरच शिकली, हे कबूल केले पाहिजे. कोन मोजावयास शिकली, वजाबाकीतला हातचा सुटेनासा झाला होता तो सुटला. चित्रे हलत होती, चुकले तर कोणी खेकसत नव्हते. मी खूश होतो. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर मी सांगू लागलो, "आमची नात आज ६० दिवस झाले, एकही खाडा नाही." पुढे ९० झाले, १५० झाले. मंडळी माना डोलवीत. एवढेच नव्हे, तर 'तीन मित्रांचे क्रमांक द्या आणि पोपटासाठी सोन्याचा पिंजरा मिळवा' असे आले, तेव्हा कट्ट्यावरच्या तिघांचे क्रमांक मीच टिपून दिले. पिंजरा मिळाला. मित्रांना रोज दुपारी वामकुक्षीच्या वेळी विक्रेत्यांचे फोन येऊ लागले. त्यातले एक गृहस्थ अजून मजशी मोजकेच बोलतात.

ताप उतरल्यावर मी पोरीला जवळ घेतले. म्हटले, २१२ दिवस झाले, जरा परीक्षा तर पाहू. विचारले, "साखर ४४ रुपये किलो. पाऊण किलोचे किती?"

तिने माझ्याकडे पाहिले, छताकडे पाहिले आणि अगदी निरागसपणे विचारले, "आबा, चार पर्याय कोणते?"

मला हसू आले आणि लगेच ते मावळले. मी पुन्हा विचारले, पाव किलोचे सांग, अर्ध्याचे सांग. जमेना. मग हळूच बाहेर आले ते असे: रोज नवा धडा घेतलाच पाहिजे असे नसते. जुन्यातला सोप्यातला सोपा धडा पुन्हा केला तरी पोपटाला पेरू मिळतो. नव्या धड्यात चुका होतात, चुका झाल्या की 'जीव' कमी होतात, आणि जीव संपले की पेरू हुकतो. तेव्हा गेले दोन महिने बाईसाहेब रोज सम आणि विषम संख्या ओळखीत होत्या. ४ सम की विषम? सम. शाबास! तुतारी, फुले, पेरू.

तिची मी काय चूक काढणार? जे मोजले जाते, ते माणूस करतो. तिचे गणित कोणी मोजतच नव्हते. मोजले जात होते ते तिचे येणे. पोपटपंची हा शब्द आपण पाठांतरावर टीका करण्यासाठी वापरतो. पण आमच्या वेळच्या पोपटपंचीत निदान पावकी, निमकी, पाऊणकी तरी पाठ होत असे!

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागेच लागलो. आमचे चिरंजीव अशाच एका संगणकाच्या धंद्यात आहेत. त्यांनी काही दाखविले, काही मी वाचले. आणि मला आश्चर्य वाटले ते हे, की ह्या पोपटाचे मूळ एका मुलीच्या गणिताच्या वर्गातच आहे.

अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहावयास गेले. त्यांनी पाहिले की काही मुले उदाहरणे केव्हाच संपवून बसली आहेत, काही अडली आहेत, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. घरी येऊन त्यांनी एक पेटी तयार केली आणि १९५४ साली तिचे प्रात्यक्षिक दाखविले. मुलाने उत्तर द्यावे, बरोबर की चूक हे तत्काळ कळावे, आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने पुढे जावे, असे ते शिकविण्याचे यंत्र. कल्पना सोन्यासारखी. आमच्या पोरीचा हातचा सुटला तो ह्याच कल्पनेने.

परंतु ह्याच स्किनरसाहेबांनी कबुतरांवरही पुष्कळ प्रयोग केले. चकतीवर चोच मारली की दाणा. दर खेपेस दाणा मिळाला, तर कबुतर भूक भागेपर्यंत टोचते. परंतु दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा मिळू लागला, की ते पाखरू टोचत राहते, टोचतच राहते; दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. ह्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ त्यांनी फर्स्टर ह्या सहकाऱ्यासह १९५७ साली प्रसिद्ध केला. जुगाराच्या यंत्रापुढे बसलेला माणूस उठत का नाही, ह्याचे उत्तर त्यात आहे. आमच्या पोपटाच्या खेळात धडा संपला की एक पेटी उघडते. कधी एक पेरू, कधी काहीच नाही, आणि क्वचित एकदा सोन्याचा पेरू. म्हणजे नाव गणिताच्या पेटीचे आणि आतली कळ कबुतराच्या पिंजऱ्याची!

त्यावर दुसरी एक कळ जोडली आहे. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वेर्स्की ह्या दोन विद्वानांनी १९७९ साली मांडले की माणसाला मिळविल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचे दुःख अधिक लागते. रस्त्यात शंभराची नोट सापडली तर संध्याकाळपर्यंत विसरतो; खिशातली हरवली तर आठवडाभर खिसा चाचपतो. सलग दिवसांचा हिशोब, ज्याला ही मुले 'स्ट्रीक' म्हणतात, तो ह्याच दुःखावर उभा आहे. दहाव्या दिवशी तो गंमत असतो. दोनशेव्या दिवशी ती एक ठेव झालेली असते, आणि रोज रात्री कोणीतरी ती ठेव बुडविण्याची धमकी देत असते. मोठ्या माणसालाही हे झेपत नाही. इथे तर एका पाखराचा जीव टांगलेला, आणि तो सांभाळणारी दहा वर्षांची.

आता पैशाकडे वळू. कारण पोपट पेरू खातो तो कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न आमच्या सौ.ला त्याच आठवड्यात पडला. पेन्शनचे पासबुक भरून आणले तेव्हा त्यात तीन नोंदी होत्या: जानेवारीत १,४९९, एप्रिलमध्ये १,४९९, जुलैत १,४९९. एकूण ४,४९७ रुपये. मी म्हणालो, "हे मी दिलेले नाहीत." सौ. म्हणाली, "मग पोपटाने चेक लिहिला वाटतं!"

दिले होते मीच. संक्रांतीचा तो १ रुपया भरताना, पुढे दर तिमाहीस पैसे आपोआप कापून घेण्यास मी संमती दिली होती. ती राखी ओळ त्याचीच. बँकेचाही दोष नव्हता. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, की असे आपोआप पैसे कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी ग्राहकाला कळविले पाहिजे. मला तिन्ही वेळा कळविले होते. कर्ज देऊ करणाऱ्या आणि दुखरे गुडघे बरे करणाऱ्या संदेशांबरोबर मी ते पुसून टाकले होते.

मग वर्गणी बंद करावयास बसलो. चालू करावयास एक बोट पुरले होते. बंद करण्याची वाट 'माझे खाते', 'मदत', 'नेहमीचे प्रश्न' असे गल्लीबोळ हिंडत शेवटी दोन बटणांपाशी आली. एक मोठे, हिरवेगार: 'होय, मी माझ्या मुलाच्या पाठीशी आहे'. दुसरे बारीक, राखी: 'नको, माझे मूल मागे राहिले तरी चालेल'. मी मन घट्ट करून राखी बटण दाबले. पुढे प्रश्न आला, 'आपणास रद्द करणे थांबवावयाचे आहे का?' मी तत्परतेने 'होय' म्हटले आणि वर्गणी चालू ठेवल्याबद्दल माझे अभिनंदन झाले! सातबाराच्या उताऱ्यापासून इन्कमटॅक्सपर्यंत सारी भाषा मी वाचली आहे. त्या एका ओळीने मला चीत केले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज गोड, तरुण. "सर, नातीच्या भवितव्यापेक्षा पंधराशे रुपये मोठे आहेत का?" वाचकहो, खोटे सांगत नाही, मी गप्प झालो. त्या प्रश्नाला नाही म्हणावयाचे की होय, हेच कळेना. सौ.ने हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाळ, तुझं जेवण झालं का? मग आम्हालाही जेवू दे." आणि ठेवून दिला. तोही बिचारा कोणाच्या तरी घरचा पोटापाण्याला लागलेला मुलगा. त्यालाही वर कोणी आकडे मोजणारा असणारच.

ह्या साऱ्या करामतींना जगात एक नाव आहे. हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्रज गृहस्थांनी २०१० साली त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हटले. म्हणजे गिऱ्हाइकाला नको तिकडे वळविण्यासाठी मुद्दाम केलेली मांडणी. आपल्या सरकारनेही ह्याकडे पाहिले आहे, हे कळल्यावर मला धीर आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ह्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात अशा १३ क्लृप्त्या नावानिशी सांगितल्या. खोटी घाई लावणे हे त्यात आहे. माझी १४ मिनिटे. नको म्हणणाऱ्याला लाजविणे आहे. ते राखी बटण. फसवा प्रश्न आहे, सतत तगादा लावणे आहे, आणि वर्गणीचा सापळाही आहे. म्हणजे माझी पाची बोटे पोपटाच्या चोचीत सापडली होती. शिक्षण मंत्रालयाने तर २०२१ च्या डिसेंबरातच पालकांना सावध केले होते, की अशा शिकविणाऱ्या कंपन्यांच्या फुकट म्हणविणाऱ्या सेवा नीट तपासा, आपोआप पैसे कापू देण्याचे टाळा. हे दुखणे आपल्याच देशातले आहे असेही नव्हे. अमेरिकेत लहान मुलांना शिकविणाऱ्या 'एबीसीमाऊस' ह्या सेवेच्या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की वर्गणी आपोआप पुढे चालू राहते हे पालकांना नीट सांगितले नाही आणि ती बंद करणे अवघड करून ठेवले. २०२० साली १ कोटी डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटविले.

मीही १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदविली. त्याआधी चिरंजीवांनी एक साधी गोष्ट केली, ती सर्वांनी करून ठेवावी. ज्या ॲपमधून आपण यूपीआयने पैसे देतो, त्यातच 'ऑटोपे' असा एक विभाग असतो. कोणाकोणाला आपण आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊन बसलो आहो, ती यादी तेथे दिसते, आणि ती परवानगी तेथल्या तेथे रद्द करता येते. मास्तरांची समजूत घालीत बसावे लागत नाही. माझ्या यादीत पोपटाखेरीज आणखी दोन पाहुणे निघाले. पैशांचे म्हणाल, तर शेवटच्या तिमाहीचे परत आले. बाकीचे मी शिकवणीच्या खर्चात घातले. नातीच्या नव्हे, माझ्या.

परंतु ती १३ नावे पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्यात माझ्या खिशाची काळजी आहे. रात्री पावणेबाराला पांघरुणाखाली जागणाऱ्या मुलीचा तो सलग दिवसांचा हिशोब त्या यादीत नावानिशी कोठे नाही. तो कायद्याने नव्हे, घराने पाहावयाचा आहे. आणि आमच्या घराने काय केले होते? त्या आकड्याची कट्ट्यावर जाहिरात!

आमच्या मास्तरांचीही मला आठवण झाली. ते काही संत नव्हते. त्यांच्या छडीची खूण अजून माझ्या करंगळीवर आहे. परंतु चौथी संपली की ते म्हणत, "आता माझ्याकडे येऊ नकोस. मला येत होतं ते संपलं. मोठ्या शाळेत जा." मूल आपल्याकडून गेले, ह्यात त्यांना कमीपणा वाटत नसे, उलट ते पेढा मागत. तेव्हापासून मी घरात येणाऱ्या प्रत्येक शिकविणाऱ्या यंत्राला हा एकच प्रश्न लावतो: मुलाला येऊ लागल्यावर हा त्याला जा म्हणेल का? तसे म्हणणारीही आहेत. सरकारच्या 'दीक्षा' आणि 'स्वयम्' वर धडे पडून आहेत, हवे तेव्हा पाहा, नको तेव्हा पाहू नका. न पाहिल्याने तेथे कोणी उपाशी मरत नाही. हल्ली मी नातीच्या शेजारी बसतो आणि धडा संपला की पडदा बंद करून तोच प्रश्न कागदावर, पर्यायांशिवाय, विचारतो. पाच मिनिटांचे काम आहे.

पोपटाचे काय झाले ते राहिलेच. एके दिवशी मी म्हटले, "बाळ, आज खाडा करू या." पोरीचे डोळे भरले. "तो मरेल, आबा." माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते सौ.जवळ होते. ती वाती वळीत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "पिंजऱ्यातला मरतो. सोडला की रानात जातो. रानात पेरूला काय तोटा?"

पोरीने बराच विचार केला. मग स्वतःच ते ॲप काढून टाकले. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडल्यावर तिने विचारले, "आजी, आता कुणी उपाशी नाही ना?" आजी म्हणाली, "कुणी नाही. झोप तू." आणि ती झोपली. किती महिन्यांनी इतक्या लवकर झोपली, ह्याचा हिशोब मात्र कोणी ठेवला नव्हता.

परवा दिवाळीच्या सामानाला तिला वाण्याकडे नेले. लाडवांना दीड किलो रवा हवा होता, भाव ४८ रुपये. वाण्याचे बोट यंत्रावर जाण्यापूर्वी ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस आणि निम्मे चोवीस. बहात्तर!" तुतारी वाजली नाही, फुले पडली नाहीत. वाण्याने यंत्रावर ७२ पाहिले आणि तिच्या हातावर दोन बत्तासे ठेवले.

काल रात्री माझ्या ईमेलवर पत्र आले. पोपट पुन्हा मान टाकून बसला होता. 'तुझी फार आठवण येते,' असे लिहिले होते. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस. सारे जाणून, एवढे सगळे तुम्हाला सांगून बसलेला. आणि तरीही क्षणभर माझ्या पोटात कालवले. मग पोरीच्या खोलीत डोकावलो. अंधार होता. मीही दिवा मालवला.